प्रीएम्प्टिव्ह बोलीला भिडूचे उत्तर

ब्रिजमध्ये भिडूने प्रतिपक्षाची वाट अडवण्यासाठी सुरुवातीलाच उंच बोली केली असता द्यावयाचा प्रतिसाद. अशा बोलीमागे ऑनर्सचे गुण थोडे, पण एका रंगाची लांबी भरपूर असते : दोनच्या पातळीवर साधारणपणे सहा पत्ते, तीनच्या पातळीवर सात, चारच्या पातळीवर आठ.

मेंढीकोट या पत्त्यांच्या डावात बोली नसते. त्यामुळे मुलुंड लोकलमध्ये त्या डावावर तयार झालेला खेळाडू ब्रिजकडे वळला, की नुकतेच शिकलेले गुण मोजून उत्तर देऊ पाहतो. येथे मोजायचे ते हात. तीन इस्पिक बोलणाऱ्या भिडूचे, बाजू व्हल्नरेबल नसेल तर सहा आणि असेल तर सात हात धरावेत. कारण डबल होऊन पडला तरी दंडाचे 500 पेक्षा जास्त गुण जाऊ नयेत, हा त्याचा हिशेब असतो. चार इस्पिकसाठी उरलेले चार किंवा तीन हात उत्तर देणाऱ्याने आणायचे. इस्पिक राजा, बदाम एक्का, चौकट एक्का-राजा या 14 गुणांवर गेम बोलावा. इस्पिकचा एकच लहान पत्ता आणि बाकी राजा-राणी-गुलामांचे 15 गुण असतील, तर पास. बाकीच्या रंगांचे तिन्ही एक्के बहुधा प्रतिपक्षाकडे असतात.

कमकुवत पानांवरही बोली वाढवता येते. झाँ-रने व्हेर्न यांनी मांडलेल्या एकूण हातांच्या नियमाचा व्यवहारातला अर्थ असा, की दोघांचे मिळून जितके हुकूम, तितक्या हातांपर्यंत जावे. सातला तीनची जोड मिळाली, तर चार इस्पिक. ही ताकद की अडवणूक, हे प्रतिपक्षाला कळत नाही. सारी गंमत यातच आहे. त्यानंतर भिडूने पुन्हा तोंड उघडू नये.

गेमखालचा नवा रंग बहुतेक जोड्या सक्तीचा मानतात. दोनच्या पातळीवरील अशा कमकुवत बोलीवर बिनहुकूम दोन ही ओगस्ट पद्धतीची विचारणा होय : तीन किलवर म्हणजे पाने किमान, रंग कच्चा; तीन चौकट किमान, रंग पक्का; तीन बदाम कमाल, रंग कच्चा; तीन इस्पिक कमाल, रंग पक्का. भिडूच्या रंगाचा एखादाच पत्ता असताना बिनहुकूम तीन बोलणे धोक्याचे. त्याची लांबी पलीकडेच अडकून पडते.

सांघिक सामन्यात व्हल्नरेबल गेमची शक्यता निम्म्याहून थोडी कमी असली तरी बोलावा; जोडी स्पर्धेत ते परवडत नाही. या दोन प्रकारांची उदाहरणे म्हणजे, 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांचे सुवर्ण जोडीतले होते; 2023 मध्ये हांगझोऊला मुंबईकर जग्गी शिवदासानींच्या संघाला मिळालेले रौप्य सांघिक.