फ्रेंच वारसाकायद्यातील संज्ञांचे इंग्रजी भाषांतर

फ्रान्समधील किंवा फ्रेंच परंपरेचा दिवाणी कायदा लागू असलेल्या प्रदेशातील वारसाविषयक दस्तऐवज इंग्रजीतून काम चालणाऱ्या न्यायालयापुढे येतात, तेव्हा त्यांतील पारिभाषिक शब्दांना प्रतिशब्द देण्याच्या कामाचा या नोंदीत विचार केला आहे. मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे, वाटपपत्रे आणि वारस कोण हे नमूद करणारा ‘आक्त द नोतोरिएते’ हा दाखला, हे असे नेहमीचे दस्तऐवज होत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायव्यवहारात काही शतके फ्रेंच वळणाची भाषा रूढ असल्याने दोन्हीकडचे अनेक शब्द एकाच कुळातले आहेत. मात्र दोन्ही कायदे वेगवेगळ्या वाटांनी वाढले असल्यामुळे, अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा वाटणारा शब्दच भाषांतरात अधिक घात करतो.

पहिला भेद मिळकत कोणाकडे जाते याविषयीचा आहे. इंग्लंडमध्ये मृताची मिळकत प्रथम मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे एक्झिक्युटरकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे जाते, आणि कर्जे फेडून उरलेले तो लाभार्थींना देतो. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेनुसार मात्र कायद्याने ठरलेल्या वारसांना मृताची मालमत्ता, हक्क आणि दावे मृत्यूच्या क्षणीच आपोआप प्राप्त होतात; या तत्त्वाला ‘सेझिन’ म्हणतात. इंग्रजीतील ‘सीझिन’ हा त्याचाच सख्खा भाऊ, पण तो मध्ययुगीन जमीनधारणेतील ताब्याचा वाचक असल्याने येथे निरुपयोगी ठरतो. फ्रेंच ‘एक्झेक्युतर तेस्तामांतेर’ हाही इंग्रज एक्झिक्युटर नव्हे. मिळकत त्याच्या नावे होत नाही, त्याचे मुख्य काम मृत्युपत्राच्या पालनावर लक्ष ठेवण्याचे असते, आणि न्यायालयाने मुदत वाढवली नाही तर ते मृत्युपत्र उघडल्यापासून दोन वर्षांत संपते. याचीच दुसरी बाजू कर्जांची आहे : वारसाने विनाशर्त स्वीकार केला, तर मिळकतीपलीकडच्या कर्जांचा बोजाही सामान्यतः त्याच्यावर पडतो, म्हणून निव्वळ मालमत्तेपुरता स्वीकार किंवा वारशाचा त्याग हे पर्याय संहितेने त्याला दिले आहेत. ‘आक्सेप्तासियाँ’ या शब्दाचे भाषांतर नुसते ‘स्वीकार’ एवढेच झाले, तर हा धोका इंग्रज वाचकाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी कळीची संज्ञा ‘रेझेर्व्ह एरेदितेर’ ही होय. मृताला मृत्युपत्राने किंवा दानाने हिरावून घेता येत नाही असा मुलांचा राखीव हिस्सा, असा तिचा अर्थ असून उरलेल्या, म्हणजे मृताला मनाप्रमाणे देता येणाऱ्या भागाला ‘कोतिते दिस्पोनिब्ल’ म्हणतात. संहितेच्या ९१३ व्या कलमानुसार हा मोकळा भाग एक मूल असल्यास निम्मा, दोन असल्यास एक-तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असल्यास एक-चतुर्थांश असतो. इंग्रजीत या व्यवस्थेला ‘फोर्स्ड एअरशिप’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्यावरून वारसावर सक्ती असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वारस आपला हक्क सोडू शकतो. बंधन असते ते देणाऱ्यावर. शिवाय तो शब्द व्यवस्थेचा आहे, हिश्शाचा नव्हे; त्यामुळे हिश्शासाठी ‘रिझर्व्हड पोर्शन’ हा प्रतिशब्द अधिक नेमका ठरतो. इंग्लंडमधील १९७५ च्या कायद्याने कुटुंबीयांना व आश्रितांना मिळणारी तरतूद हिला पर्याय नाही, कारण ती न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते, तर फ्रेंच हिस्सा अपूर्णांकात आधीच ठरलेला असतो.

प्रत्यक्ष दाव्यात सर्वाधिक गल्लत ‘राप्पोर’ आणि ‘रेद्युक्सियाँ’ या जोडीची होते. समजा, तीन मुलांच्या पित्याने हयातीत एका त्रयस्थाला ५ लाख युरो दान दिले आणि मृत्यूसमयी कर्जे वजा जाता ७ लाख युरो उरले. हिशेबासाठी दान परत मिळवून बेरीज १२ लाख धरली जाते. तीन मुले असल्याने मोकळा भाग ३ लाख होतो, आणि मुलांनी दावा केल्यास दानातील जादा २ लाखांची कपात होते. ही ‘रेद्युक्सियाँ’. २००६ च्या सुधारणेनंतर ती सामान्यतः वस्तू परत घेऊन नव्हे, तर रक्कम भरून घेऊन केली जाते. ‘राप्पोर’ मात्र सहवारसांत समानता राखण्यासाठी असते : एका मुलाला वाट्यापोटी आगाऊ दिलेले दान वाटणीच्या हिशेबात धरणे, एवढाच तिचा हेतू असून त्रयस्थाशी तिचा संबंध नसतो. इंग्रजीत दोन्हींना सरसकट ‘क्लॉबॅक’ म्हटले, की कोणत्या कारणासाठी कोणाकडून मागणी होत आहे हे पुसले जाते; आणि ‘राप्पोर’चे ‘रिपोर्ट’ केले, तर वाक्यालाच अर्थ उरत नाही.

‘युझ्युफ्रुई’ म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचा वापर व उत्पन्न घेण्याचा हक्क, आणि ‘न्यू-प्रोप्रिएते’ म्हणजे त्या हक्काविना उरलेली मालकी. मृताची सर्व मुले हयात जोडीदारापासूनचीच असतील, तर त्या जोडीदाराला संपूर्ण मिळकतीचा युझ्युफ्रुई किंवा एक-चतुर्थांशाची पूर्ण मालकी यांतून निवड करता येते. युझ्युफ्रुईला ‘लाइफ इंटरेस्ट’ म्हटले, की इंग्रज वकील विश्वस्त कोण ते शोधू लागतो. पण येथे विश्वस्त नसतो, आणि ‘न्यू-प्रोप्रिएतेर’ हा भावी लाभार्थी नसून आजचाच मालक असतो. शिवाय रोख रकमेवर हा हक्क असेल, तर ती खर्च करून शेवटी तेवढीच परत करण्याची मुभा त्याच्या धारकाला असते.

भाषांतरकार साधारणपणे तीन मार्गांनी जातात : मूळ शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाबरोबर स्पष्टीकरण देणे, इंग्लंडमधील जवळची संज्ञा वापरणे, किंवा दिवाणी संहिता इंग्रजीत नांदत असलेल्या प्रदेशांचे शब्द घेणे. लुइझियानात १८०८ चा संग्रह आणि १८२५ ची संहिता मूळ फ्रेंचमध्ये रचून इंग्रजीत उतरवण्यात आल्या, तर क्वेबेकमध्ये १ जानेवारी १९९४ पासून लागू असलेली संहिता दोन्ही भाषांत आहे. मात्र या प्रदेशांतही एकवाक्यता नाही : न्यू-प्रोप्रिएतेला लुइझियानात ‘नेकेड ओनरशिप’, तर क्वेबेकमध्ये ‘बेअर ओनरशिप’ म्हणतात. एका दस्तऐवजात एकच परंपरा पाळणे, हा त्यामुळे या कामाचा प्राथमिक नियम ठरतो.

या प्रश्नाचे भारतीय आणि मराठी संदर्भही आहेत. पुदुच्चेरीत १८८१ च्या हुकूमनाम्याने वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच दिवाणी कायदा स्वीकारलेल्या ‘रनोंसाँ’ कुटुंबांचे वारसातंटे इंग्रजीतून काम करणाऱ्या न्यायालयांपुढे येतात. मराठी भाषक वंशजांची वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये दिवाणी संहिता फ्रेंचमध्ये आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी असून अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. गोव्याचा वारसाकायदा पोर्तुगीज परंपरेतला असला, तरी मुलांसाठी निम्मी मिळकत राखून ठेवणारा तेथील ‘लेजितिम’ फ्रेंच राखीव हिश्शाशी नाते सांगतो. गोव्याच्या वाचकाला तो इंग्रज वकिलापेक्षा सहज उमगतो.

इंग्लंडमध्ये परकीय कायदा ही वस्तुस्थितीची बाब मानली जात असल्याने तो सामान्यतः तज्ज्ञ साक्षीने शाबीत करावा लागतो. तेव्हा हक्काचा निष्कर्ष काढणे हे तज्ज्ञाचे व न्यायालयाचे काम असून, मूळ पाठात नसलेला निष्कर्ष प्रतिशब्दाच्या आडून आत येऊ न देणे ही भाषांतरकाराची मर्यादा होय.