वतनी चाकरी आणि ती सोडण्याचा हक्क

करारात दोन पक्ष असतात. दोघांचीही कर्तव्ये ठरलेली असतात आणि रीतसर सूचना देऊन करारातून मोकळे होण्याचा मार्गही दोघांना असतो. हा मार्ग ज्याला नाही, त्याची चाकरी ही चाकरी न राहता वेठ होते. महार वतनाचा इतिहास म्हणजे या एका मार्गासाठी झालेल्या झगड्याचा इतिहास होय.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला वेठीची आठवण फार जुनी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता कूस ढासळून संत चोखामेळा त्याखाली गतप्राण झाले, असे परंपरा सांगते. ते साल १३३८ मानले जाते. पुढे पंढरीच्या महाद्वारी त्यांची समाधी झाली. परंतु त्यांच्या ज्ञातिबांधवांच्या माथ्यावरील गावकीचा भार शतकानुशतके कायम राहिला.

इंग्रजी अमदानीत १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने या चाकरीस सरकारी चौकट दिली. सरकारी वसूल पोहोचविणे, सांगावे नेणे, फिरतीवरील अधिकाऱ्यांची तैनात ठेवणे ही कामे वतनदाराकडे होती. त्यांना ना वेळेचे बंधन, ना कामाची मर्यादा. मोबदला म्हणजे इनामी जमिनीचा तुकडा आणि रयतेकडून मिळणारे बलुते. काम सरकारचे, बलुते मात्र रयतेच्या मर्जीचे! रयत रुष्ट झाली की बलुते बंद होई. काम मात्र बंद करता येत नसे.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. देशमुख-देशपांड्यांची चाकरी सरकारने १८६० नंतरच्या दशकात गॉर्डन समितीच्या तडजोडीने माफ केली. त्यांनी ठरावीक रक्कम भरावी, चाकरीतून मुक्त व्हावे आणि वतन राखावे, अशी ती व्यवस्था होती. सुटकेची वाट सरकारला अज्ञात नव्हती; ती खालच्या वतनदारांसाठी उघडली गेली नाही, इतकेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके येथेच बोट ठेवले. मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला चाकरी नको असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा व मोकळे व्हावे, जो चाकरी करील त्याला रोख वेतन मिळावे, असा त्याचा आशय होता. मागणी दानाची नव्हती, बरोबरीच्या व्यवहाराची होती. तरीही १९२९ साली ते विधेयक मागे घ्यावे लागले. १९३९ मध्ये हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. तथापि ही वतने नष्ट करणारा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला, तेव्हा कोठे चाकरीचे बंधन तुटले. चाकरीच्या मोबदल्यातील जमीन पूर्ण साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरल्यास वतनदारास परत मिळावयाची होती. मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येऊ नये, अशी अट होती.

समाजबांधवांनी आपल्या घरातील सनदा, पावत्या व फेरप्रदानाचे हुकूम जपून ठेवावेत आणि सातबाऱ्यावरील नोंदी ताडून पाहाव्यात. पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या श्रमांची तीच लेखी साक्ष आहे.