दोघांची पहाट

आमच्या अंगणात न्हाणीजवळ जात्याची एक तळी पडून आहे. नातवंडं तिच्यावर उभी राहून पाय धुतात. दुसरी तळी कधी फुटली, कुठं गेली, काही आठवत नाही. परवा धाकट्या नातवानं विचारलं, "आजोबा, ह्यो दगुड गोल कुणी केला?" त्याला जातं कसं फिरायचं ते सांगायला बसलो आणि सांगता सांगता आमच्या घरातल्या सगळ्या पहाटाच डोळ्यापुढं आल्या. म्हणून हे लिहितोय.

आमचा मुलूख सांगोल्याकडचा, पाऊस कमी. माझा जन्म १९६० चा. लहानपणी घरात घड्याळ नव्हतं. रात्रीची वेळ आभाळात बघायची. तिकांडं कुठं आलं, बाजलं किती फिरलं, यावरून आण्णा बरोबर वेळ सांगायचे. शुक्राच्या चांदणीचं सगळे कौतुक करतात, पण ती काही बारा महिने पहाटेला नसते. कैक महिने ती सांजची दिसते. ती नसली की मग कोंबडा.

आईला यातलं काहीच लागायचं नाही. घरात खाणारी नऊ तोंडं. रोजची पायलीभर ज्वारी, म्हणजे चार शेर, दळायलाच लागायची. त्याला दीड-दोन तास जायचे. आत्या होती तोवर दोघी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या. आत्या नांदायला गेली आणि आई एकटी ओढायला लागली. एका हातानं वैरण घालायची, दुसऱ्यानं जातं फिरवायचं आणि तोंडानं ओवी म्हणायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला, असं मी वाचलं. एक लाख ओव्या म्हणजे किती बायकांची किती झोप, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

आण्णांची पहाट मोटेवरची. ऊन चढलं की बैल दमतो, म्हणून तांबडं फुटायच्या आत मोट चालू झाली पाहिजे. बैल धावेवरनं उतरायला लागले की नाडा ताणायचा, चाक कुरकुरायचं आणि चामड्याची मोट भरून वर यायची. सोंदूर ओढला की पाणी थारोळ्यात पडायचं, तिथनं पाटानं वाफ्यात. थंडीतलं ते काम सोपं नव्हतं. आण्णांचे तळहात नाड्यानं दगडासारखे झाले होते. त्यांच्या कष्टाला मी कमी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नव्हती, ती आता येते. जात्याच्या घरघरीनं आण्णांना जाग यायची. मग ते कूस बदलून म्हणायचे, "अजून दळान चाललंय, लई रात हाय." आणि परत झोपायचे. जातं थांबलं की उठायचे. म्हणजे आण्णांची पहाट सुरू व्हायची तेव्हा आईचं दोन तासांचं काम होऊन गेलेलं असायचं. पुढं पाणी, धार, भाकरी, आणि न्याहारी घेऊन मळ्यात गेली की दारं धरायचं कामही तिचंच. घरात पहाट एकच म्हणायचे, पण तिची वेगळी होती आणि त्यांची वेगळी.

१९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, मोट थांबली. आई आणि आण्णा खडी फोडायला दुष्काळी कामावर जायला लागले. दोघं एका वेळी, एका वाटेनं, बरोबर कामाला निघालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मस्टरवर आईचं नाव वेगळं, अंगठा वेगळा. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. दुष्काळाचं कुणी गुणगान करू नये, तरीपण तिच्या कामाचा हिशेब कागदावर आला तो त्या दिवसांतच.

त्याच्या पुढंमागं गावात डिझेलवरची पिठाची गिरणी आली. मग वीज आली आणि विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसली. मोटेचं चामडं माळ्यावर गेलं. बटण दाबलं की पाणी, त्यामुळं आण्णा तासभर जास्त झोपायला लागले. आम्हाला वाटलं, आता आईपण झोपेल. पण ती उठायची त्याच वेळी. जात्याचा वेळ शेणगोठ्यानं आणि पाण्याच्या खेपांनी खाल्ला.

मी १९७६ ला दहावी झालो आणि शेतीत पडलो. १९८३ ला लग्न झालं. देशात ऑपरेशन फ्लड १९७० ला चालू झालं होतं, पण त्या महापुराचं पाणी आमच्या माळावर यायला बरीच वर्षं गेली. आम्ही एक जर्सी गाय घेतली, मग तीन झाल्या. सकाळी साडेसहाच्या आत दूध डेअरीवर गेलं पाहिजे. धार मंडळी काढायची. कॅन सायकलला अडकवून मी न्यायचो. फॅट मी बघायचो, पगार मी घ्यायचो, कार्ड माझ्या नावावर. आण्णांसारखाच मीपण बादलीचा आवाज ऐकून कूस बदलायचो.

पुढं भारनियमन आलं. शेतीला वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीला मी बॅटरी घेऊन मळ्यात आणि ती घरी एकटी. २०११ च्या थंडीत मी पहाटे पाचला परत आलो, तर ती गोठ्यात भिंतीला टेकून बसलेली. बादली कलंडलेली. चक्कर आली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. त्यांनी विचारलं, "झोप किती तास?"

ती म्हणाली, "अकराला पडते, तीनला उठते."

मला हे ठाऊक नव्हतं. अठ्ठावीस वर्षं एका छपराखाली राहून ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण माझ्याकडं जे बघितलं, ते जास्त लागलं.

तिथनं आम्ही पहाट नव्यानं बसवली. नुसतं लवकर उठून भागत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं. आधी रात्र आवरावी लागते. भांडी दोघांनी मिळून साडेनऊला उरकायची, टीव्ही बंद, दहाला दिवा बंद. पंपाला ऑटो स्टार्टर बसवला, त्यामुळं रात्रीच्या खेपा कमी झाल्या. पहाटे साडेचारला दोघांनी उठायचं. तिच्या आधी नाही आणि मागनंही नाही.

धार काढायला बसलो, तर गाय पान्हाच सोडेना. लाथ मारून बादली उडवली. मंडळी म्हणाली, "अवं, हात गार हाईत तुमचं. आधी चोळा, मग कासंला लावा." पन्नाशीत मी धार शिकलो. पारावर चेष्टा झाली, "कारभारी आता भाकरी बी थापणार." हसलो आणि घरी आलो.

खरा त्रास घरात झाला. आई तेव्हा पंच्याहत्तरीची. मी चहा टाकताना बघून तिला राग आला, तो सुनेवर. "माझ्या लेकाला चुलीम्होरं बसिवलं." चार दिवस बोलली नाही. मी रोज कप तिच्या उशाला ठेवायचो. ती घ्यायची नाही. पाचव्या दिवशी घेतला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात, तिथं ती दर वारीला डोकं टेकवायची. कप खाली ठेवून म्हणाली, "जनीसंगं देव दळाय बसला हुता. तू च्या केलास. ऱ्हाऊ दे." मग बराच वेळ गप्प बसली. आण्णा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

आता मी शेण काढतो, कडब्याची कुट्टी करतो. दोन गाईंची धार ती काढते, एकीची मी. धारेच्या आधी दोघं ओट्यावर बसून चहा पितो. त्या पंधरा मिनिटांत पोरांची, कर्जाची, दुखण्याची जेवढी बोलणी होतात, तेवढी आधी महिन्यात होत नव्हती. डेअरीचं कार्ड तिच्या नावावर केलं. सगळं सुरळीत आहे असं नाही. थंडीत माझा पाय निघत नाही. तिला हाक मारावी लागते. पण आता ती मारते.

मुलगा जवळच वेगळा राहतो. त्याच्याकडं धारेचं मशीन आहे. तरी सून चारला उठते आणि हा साडेपाचला. परवा त्याच्या गोठ्यात दिवा दिसला. मी जाऊन त्याच्या खोलीचं दार वाजवलं. म्हटलं, "ऊठ बाबा. ती उठून लई वेळ झाला."