डेन्मार्क समुद्रात का उतरला?

मागच्या व्याख्यानात आपण १९७३च्या तेलसंकटापाशी थांबलो होतो. त्या वेळी डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा तेलातून येत होती, आणि तेल बाहेरून. मग पर्याय कोणते? देश सपाट, त्यामुळे जलविद्युत जवळजवळ नाहीच. अणुऊर्जेचा विचार झाला, पण विरोध इतका वाढला की १९८५मध्ये संसदेने ती राष्ट्रीय नियोजनातूनच वगळली. गंमत बघा, कोपनहेगनपासून जेमतेम २० किलोमीटरवर, सामुद्रधुनीपलीकडे, स्वीडनचं बार्सेबेक अणुकेंद्र चालूच होतं! आपण नको म्हटलं म्हणून शेजारचा धोका थोडाच टळतो?

उरला वारा. जमिनीवरची पवनचक्की स्वस्त, पण ती घराजवळ नको म्हणणारे वाढू लागले. म्हणून १९९१मध्ये लोलँड बेटाजवळ, विंडेबीला, जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प उभा राहिला. ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटची. सगळ्या मिळून ५ मेगावॅटही नाही.

आणि वारा पडला तर? इथे आपण घाईने 'वारा की पाणी' असा प्रश्न टाकतो. डेन्मार्कचा वारा तर नॉर्वेच्या पाण्यावर विसंबलेला आहे. स्कागेराकच्या तळातून १९७०च्या दशकातच केबल टाकलेली होती. वारा जोरात असला की वीज उत्तरेला जाते, नॉर्वे धरणातलं पाणी राखून ठेवतो. वारा पडला की त्याच पाण्याची वीज परत येते. तेव्हा या दोघांना एकमेकांविरुद्ध तोलण्यात अर्थ नाही.

तोलायचं ते अणुऊर्जेशी. विंडेबीच्या चक्क्या २०१७मध्ये उतरवल्या, विषय संपला. बार्सेबेक २००५मध्ये बंद झालं, पण त्याचं वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळावं लागणार. मात्र तिथली एकेक अणुभट्टी सुमारे ६०० मेगावॅटची होती, हेही त्याच तराजूत टाकावं लागतं.