नोकरी सुटल्यावरचा आरोग्यविमा : अमेरिकेंतील ‘कोब्रा’ कायद्याची पूर्वपीठिका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरी सुटलेल्या मनुष्यास बहुधा कांहीं आठवड्यांत एक लखोटा येतो. त्यांतील कागदावर ‘कोब्रा’ हें नांव पाहून आमच्याकडील माणूस दचकल्यास नवल नाहीं. परंतु या नांवाचा नागाशीं कांहींएक संबंध नाहीं. ‘कन्सॉलिडेटेड ऑम्निबस बजेट रिकन्सिलिएशन ॲक्ट’ या लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांपासून तें बनलेलें आहे. म्हणजे मूळ कायदा अंदाजपत्रकाचा. आणि त्याच्या पोटांत नोकरी गेल्यावरही धन्याच्या आरोग्यविम्यांत राहण्याचा हक्क देणारें प्रकरण घातलेलें आहे. हें प्रकरण तेथें कसें आलें, व मुळांत मनुष्याचें औषधपाणी त्याच्या चाकरीस बांधलें गेलें कसें, या दोन प्रश्नांचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या विषयावर लिहिणारे पुष्कळसे लेखक दुसऱ्या महायुद्धापासून आरंभ करितात. तें मत सर्वस्वी चुकीचें नाहीं. पण तें अपुरें आहे. बीज त्यापूर्वींचें आहे. १९२९ सालीं टेक्सस संस्थानांतील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थांचा कारभार जस्टिन फोर्ड किंबल यांजकडे होता. हे गृहस्थ पूर्वीं त्याच शहराच्या शाळाखात्याचे अधीक्षक होते. रुग्णालयाच्या वह्या चाळतांना शिक्षकांचीं बिलें थकलेलीं त्यांच्या दृष्टीस पडलीं. तेव्हां त्यांनीं अशी योजना काढली कीं, शिक्षकांनीं दरमहा ५० सेंट भरावे व त्या बदल्यांत रुग्णालयानें त्यांस २१ दिवसांपर्यंत ठेवून घ्यावें. हजाराहून अधिक शिक्षक तींत सामील झाले. पुढें ‘ब्लू क्रॉस’ या नांवानें देशभर पसरलेल्या व्यवस्थेचा उगम याच योजनेंत आहे.

या योजनेंत विमा व्यक्तीस न देतां एकत्र नोकरी करणाऱ्या समूहास दिला होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. एकट्यादुकट्यास विमा विकूं गेल्यास जो आधींच आजारी तोच प्रथम पुढें येतो, आणि सर्व हिशेब कोलमडतो. नोकरीसाठीं जमलेल्या मंडळींत मात्र निरोगी व रोगी यांचें मिश्रण आपोआप झालेलें असतें. यास्तव विमा नोकरीस चिकटला तो प्रथम विमा चालविणाऱ्यांच्या सोयीकरितां.

ही गांठ घट्ट झाली ती मात्र युद्धकालांत. २ ऑक्टोबर १९४२ रोजीं मंजूर झालेल्या स्थिरीकरणाच्या कायद्यानें वेतनवाढीस बांध घातला. परंतु वेतनाच्या व्याख्येंतून वाजवी प्रमाणांतील विमा व निवृत्तिवेतन हीं वगळलीं. कामगारांची टंचाई होती आणि पगार वाढविण्याची मनाई होती. अर्थात् कारखानदारांनीं उरलेली वाट धरली. १९४३ सालीं करखात्यानें असा निर्णय दिला कीं, धन्यानें सामुदायिक आरोग्यविम्यासाठीं भरलेली रक्कम नोकराचें उत्पन्न धरूं नये. १९५४ च्या कर-संहितेनें हीच सवलत कायम केली. युद्ध संपलें, वेतनावरील निर्बंध उठले, पण करांतील सवलत राहिली. आमच्या मतें या व्यवस्थेच्या दीर्घायुष्याचें खरें कारण १९४२ च्या कायद्यापेक्षां १९५४ च्या संहितेंतच शोधावें.

अशा रीतीनें आश्रय उभा राहिला. पण तो वतनी नव्हता, केवळ चाकरीपुरता होता. १९७४ सालीं निवृत्तिवेतनाच्या रक्षणार्थ ‘एरिसा’ हा कायदा झाला. ठराविक काळ सेवा केल्यावर निवृत्तिवेतनावर नोकराचा अढळ हक्क बसतो, हें तत्त्व त्यानें घालून दिलें. आरोग्यविम्यास मात्र तें लाविलें नाहीं. उलट, कांहीं संस्थानांनीं नोकरी गेल्यावर विमा चालू ठेवण्याविषयीं जे नियम केले होते, ते स्वतःच्या तिजोरींतून उपचारखर्च देणाऱ्या कंपन्यांस या कायद्यामुळें लागू होईनात.

या उणीवेची झळ १९८१-८२ च्या मंदींत प्रकर्षानें जाणवली. १९८२ च्या अखेरीस बेकारांचें प्रमाण शेंकडा १०.८ पर्यंत चढलें होतें. पगाराबरोबरच विमाही जाई. १९८३ सालीं बेकारांच्या विम्यासंबंधीं काँग्रेसपुढें विधेयकें आलीं, पण त्यांतून कायदा निष्पन्न झाला नाहीं. दुसरा वर्ग स्त्रियांचा होता. पतीच्या नोकरीवर जिचा विमा अवलंबून, तिचा विमा पति वारल्यास किंवा घटस्फोट झाल्यास सुटे. पति ६५ वर्षांचा होऊन सरकारी ‘मेडिकेअर’ योजनेंत गेला तरी वयानें लहान असलेली पत्नी उघडी पडे. जन्मभर संसार करून पन्नाशी उलटलेल्या स्त्रीस नवा विमा मिळणें दुरापास्तच होतें. १९८० सालीं स्थापन झालेल्या ‘ओल्डर विमेन्स लीग’ या संस्थेनें हा प्रश्न नेटानें लावून धरला. प्रतिनिधिगृहांत कॅलिफोर्नियाचे सभासद पीट स्टार्क यांनीं तो हातीं घेतला.

स्वतंत्र विधेयक तरणें कठीण. परंतु अंदाजपत्रकाच्या समन्वय-विधेयकावरील चर्चेस वरिष्ठ सभागृहांत कालमर्यादा असल्यामुळें तें अडवून धरतां येत नाहीं. शिवाय या तरतुदीचा भार सरकारी तिजोरीवर फारसा पडत नव्हता. ती त्या विधेयकांत समाविष्ट होण्याचें हेंही एक कारण असावें, असें आमचें अनुमान आहे. आणीबाणीच्या रुग्णास तपासल्यावांचून रुग्णालयानें परत लावूं नये, हा सुप्रसिद्ध नियमही याच कायद्यांतला. कालनिर्णयाविषयीं एक खुलासा अवश्य आहे : कायद्याच्या नांवांत १९८५ असलें तरी विधेयक रखडल्यामुळें अध्यक्ष रीगन यांची सही ७ एप्रिल १९८६ रोजीं झाली.

कायद्याचें सार येणेंप्रमाणें : ज्या धन्याकडे २० किंवा अधिक नोकर आहेत, त्याच्या विम्यांत नोकरी सुटलेल्या किंवा कामाचे तास घटलेल्या नोकरास १८ महिने राहतां येतें, घोर गैरवर्तनानें नोकरी गेली असल्यास मात्र नाहीं. विधवा, घटस्फोटित पत्नी इत्यादिकांस ३६ महिने मिळतात. निवड करण्यास ६० दिवसांची मुदत असते. १९८९ च्या दुरुस्तीनें अपंगांची मुदत २९ महिन्यांपर्यंत वाढली.

आतां मुख्य मुद्दा. हक्क मिळाला, पण पैसा कोणी द्यावयाचा? सबंध हप्ता व वर शेंकडा २ व्यवस्थाखर्च, मिळून शेंकडा १०२ पर्यंत रक्कम नोकरी गमावलेल्या मनुष्याकडूनच घेतां येते. केएफएफ या संस्थेच्या पाहणीप्रमाणें २०२४ सालीं कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यांपैकीं नोकराच्या पगारांतून ६,२९६ डॉलर कापले जात. म्हणजे नोकरींत असतां दरमहा सुमारें ५२५ डॉलर देणाऱ्यास, पगार बंद झाल्यावर सुमारें २,१७४ डॉलर भरणें प्राप्त होतें. मिळकत शून्य आणि हप्ता चौपट! ही विसंगति सरकारलाही दोनदां मान्य करावी लागली. २००९ च्या मंदींत शेंकडा ६५ हप्त्याचा भार सरकारनें उचलला. साथीच्या काळांत १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत तो सर्वच उचलला. दोन्ही उपाय तात्पुरते होते. पूर्वींच्या आजाराकरितां विमा नाकारण्याची मुभा २०१४ पासून बंद झाल्यानें इतर मार्गही खुले झाले, त्यामुळें कोब्राची निकड कांहींशी कमी झाली. परंतु ती नाहींशी झाली नाहीं. उपचार अर्ध्यावर असतां तोच वैद्य व तेंच रुग्णालय सोडावयाचें नसेल, त्यास आजही तोच आधार आहे.

या इतिहासाशीं महाराष्ट्राचा धागा अगदींच नाहीं असें नाहीं. ‘एच-१बी’ परवान्यावर तेथें गेलेल्या मराठी कुटुंबांस नोकरी गेल्यास, जानेवारी २०१७ पासून अमलांत असलेल्या नियमानें, देशांत राहण्यास जास्तींत जास्त ६० दिवसांची सवड मिळूं शकते. कोब्राच्या निवडीची मुदतही तितकीच. दोन्ही मुदती एकाच दिवशीं सुरू होतात असें नाहीं; पण गर्भार पत्नी किंवा आजारी मूल घरांत असतां दोहोंचा हिशेब एकाच मेजावर मांडावा लागतो.

एका शहरांतील शिक्षकांची थकलेली बिलें, युद्धांतील एक व्याख्या, करांतील एक सवलत आणि अंदाजपत्रकांत शिरलेलें एक प्रकरण, यांतून ही व्यवस्था घडली; तिचा आराखडा एका हातानें कधींच आंखला गेला नव्हता. कोब्रा कायद्यानें गांठ सोडविली नाहीं. नोकरी सुटल्यावर ती तत्काळ तुटूं नये एवढीच तजवीज केली. ज्या विधवांसाठीं तो प्रथम झटून मागितला गेला, त्यांस ३६ महिन्यांची निश्चिति त्यानें दिली हें त्याचें श्रेय निःसंशय आहे. परंतु हक्काची सनद हातीं असून ती वापरण्याचें सामर्थ्य नसावें, हा त्याचा दोष इतिहासानें तितक्याच स्पष्टपणें नोंदविला पाहिजे.