शिकवणाऱ्यांचे शिकणे

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसृत केले. कॅथलिक शाळेचे ध्येय साध्य होणे बहुतांशी शिक्षकांवरच अवलंबून असते, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच वर्षी, १९६६ साली, कोठारी आयोगाने आपल्या अहवालात शिफारस केली : दर पाच वर्षांच्या सेवेत प्रत्येक शिक्षकाला किमान दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे. ह्यातील 'मिळावे' हा शब्द आम्हांला महत्त्वाचा वाटतो. हे शिक्षण म्हणजे शिक्षकाचे देणे नव्हते, त्याचे येणे होते.

पुढे हा हिशेब उलटत गेला. महाराष्ट्रात १२ वर्षांनंतरची वरिष्ठ व २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी प्रशिक्षणाला जोडली गेली. मग प्रशिक्षणाला बसलेल्या गुरुजींचे लक्ष फळ्याकडे किती आणि प्रमाणपत्राकडे किती, हे काय सांगावे! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दरवर्षी ५० तासांची अपेक्षा ठेवली. १ सप्टेंबर २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या पहिली ते आठवीच्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. वीस-वीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या बाईंची नोकरीच पणाला लागली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न तेवढा मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला.

आमच्यापैकी काहींनी त्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. आम्हांला तो टाकता आला नाही. परीक्षा टळो वा न टळो, ते दोन-तीन महिने आपल्या शिक्षकांना कोण देणार, हे आम्ही आपल्या शाळाचालकांना विचारत आहोत.