ड्रायव्हर परका, गाडी आपली

ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एसटीचा चालक येतो. संगणकातला ड्रायव्हर निराळा. प्रिंटर असो की बिनतारी इंटरनेटची चिप, तिला कोणत्या बोलीत हुकूम द्यायचा हे ठाऊक असलेली ती एक छोटी आज्ञावली. हा गडी नसला की पैसे मोजून घेतलेली गाडी दारात उभीच राहते.

२००३ साली अशा पुष्कळ गाड्या उभ्या होत्या. त्या वर्षी मार्चमध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ आणले आणि लॅपटॉपमध्ये वाय-फाय असणे ही नेहमीची गोष्ट होऊ लागली. चिप बनवणारे विंडोजसाठी ड्रायव्हर देत. लिनक्स ही लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली हेलसिंकीत सुरू केलेली, सर्वांना खुली असलेली सिस्टीम. तिच्यासाठी मात्र बहुतेक जण काहीच देत नसत. ब्रॉडकॉमसारखी कंपनी तर चिपची माहितीही देत नव्हती, मग दुसऱ्याने ड्रायव्हर लिहावा कसा? रेडिओलहरींचे सरकारी नियम आड येतात, असेही कारण या धंद्यात सांगितले जाई.

तेव्हा पाँटस फुक्स यांनी एक वेगळीच वाट काढली. ड्रायव्हर लिहिता येत नाही ना, मग विंडोजचाच आणून बसवू! विंडोजच्या नेटवर्क ड्रायव्हरांनी सिस्टीमशी कसे बोलावे याचे नियम मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी पूर्वीच ठरवले होते. त्यांचे नाव ‘एनडीआयएस’. म्हणून या नव्या कामाचे नाव पडले ‘एनडीआयएस-रॅपर’. पुढे ते बरीच वर्षे गिरिधर पेम्मासानी यांनी सांभाळले.

याची रीत ऐकण्यासारखी आहे. लॅपटॉपबरोबर आलेल्या सीडीतून विंडोजच्या ड्रायव्हरच्या फायली घ्यायच्या आणि लिनक्समध्ये ठेवायच्या. ड्रायव्हर जागा होतो आणि सवयीप्रमाणे विंडोजला हाक मारतो : मला थोडी स्मृती दे, घड्याळ लाव, आलेला मजकूर पुढे पाठव. विंडोज तिथे नसतेच. त्याच नावाने ‘ओ’ देतो तो हा दुभाषी. मागणी लिनक्सच्या भाषेत सांगून तो उत्तर परत आणतो. आपण परमुलखात आहोत याचा ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही.

अडचणी होत्याच. तात्पुरत्या हिशेबासाठी सिस्टीम एक छोटी वही देते, तिला ‘स्टॅक’ म्हणतात. विंडोजच्या ड्रायव्हरला १२ किलोबाइटांच्या वहीची सवय. लिनक्समध्ये ती ८ ची, आणि फेडोरासारख्यांनी ती ४ वर आणलेली. लिहिता लिहिता पान संपे, मजकूर शेजारच्या हिशेबावर जाई आणि अख्खे यंत्र गोठे.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या सिस्टीममध्ये बिल पॉल यांनी हेच काम केले. स्वतः अनेक ड्रायव्हर लिहिलेला हा माणूस. त्याने आपल्या कामाला नाव दिले ‘प्रोजेक्ट ईव्हिल’, म्हणजे दुष्ट उद्योग! २००४ च्या ५.३ आवृत्तीत तो उद्योग रीतसर दाखल झाला.

खरा झगडा तत्त्वाचा होता. बंद ड्रायव्हर आत घेतला की लिनक्स स्वतःवर एक शिक्का मारते : ‘टेन्टेड’. एनडीआयएस-रॅपर स्वतः खुला असूनही त्याचे नाव लिनक्सच्या गाभ्यात मुद्दाम लिहून त्याच्यासाठी हा शिक्का ठेवला गेला. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, बाटलेला. माझ्या मराठी कवितेत घरची दखनी डोकावली की तो मलाही अधूनमधून ऐकावा लागला आहे. पण इथे शिक्क्यामागे सोवळे-ओवळे नव्हते. ज्या आज्ञावलीचा मजकूर वाचता येत नाही, तिच्यामुळे झालेला बिघाड आम्ही शोधणार कसा, हा कर्त्यांचा सवाल रास्तच होता. २००६ साली डेबियनमध्येही वाद पेटला. स्वतः खुली, पण बंद ड्रायव्हरशिवाय जवळजवळ निरुपयोगी, अशा आज्ञावलीला खुली म्हणावे का? प्रकरण तिथल्या तांत्रिक समितीपर्यंत गेले. दुसरी भीती अशी की उसन्यावर भागते म्हटल्यावर कंपन्या लिनक्ससाठी कशाला लिहितील? मला ही भीती तितकीशी पटत नाही. ज्याचे यंत्र आज बंद आहे त्याला तत्त्वासाठी थांब म्हणणे सोपे असते.

शिवाय इतिहासही वेगळे सांगतो. उसनवारी चालू असतानाच काही जण ब्रॉडकॉमच्या चिपचा उलट्या बाजूने छडा लावत होते. एका गटाने ती कशी वागते ते लिहून काढायचे, दुसऱ्याने केवळ त्या टिपणावरून ड्रायव्हर रचायचा, म्हणजे चोरीचा आळ नको. जून २००६ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या २.६.१७ आवृत्तीत आला. गंमत म्हणजे चिपच्या पोटात भरायची ‘फर्मवेअर’ मात्र अजूनही विंडोजच्याच ड्रायव्हरमधून कापून घ्यावी लागे! २००४ पासून इंटेलने आपले खुले ड्रायव्हर आणले, आणि सप्टेंबर २०१० मध्ये खुद्द ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांचा ड्रायव्हर खुला केला. दुभाष्याचे काम कमी कमी होत गेले.

फ्रीबीएसडीने २०२१ साली तो ‘दुष्ट उद्योग’ आपल्या पुढच्या आवृत्तीतून काढून टाकला. उसनवारी मात्र थांबली नाही. २०२२ च्या १३.१ आवृत्तीपासून तिथे इंटेलचे नवे वाय-फाय चालते ते लिनक्ससाठी लिहिलेल्या ड्रायव्हरवर, मध्ये पुन्हा एक दुभाषी बसवून. या वेळी ड्रायव्हरचा मजकूर दोन्हीकडच्यांना वाचता येतो.